सवातीन तासांचं विमान

“सवातीन तास,” विहीणबाई म्हणाल्या. “मुंबईत विमानात बसायचं, एक डुलकी काढायची, की आली दुबई.”

त्या माझ्या सुनेच्या आई. कुर्डुवाडीला असतात. महिनाभर लेकीकडं राहून आल्या होत्या आणि खजुराचं पाकीट द्यायला मुद्दाम सोलापूरला माझ्याकडं आल्या होत्या. दोन दिवस विमानात बसून पाय सुजले असतील की, असं मीच त्यांना विचारलं होतं.

“दोन दिवस? कुणी सांगितलं वो तुमाला? त्यापरास सोलापूरहून मुंबई गाठायला जास्त वेळ लागतो.”

सांगितलं होतं माझ्या मुलानं. नातू झाला तेव्हा मी पासपोर्ट काढला. चौथी शिकले आहे, सही माझी मी केली. तिकीट तो काढणार होता. वाटेत चार वेळा पुरतील एवढ्या कडक भाकरी करून ठेवल्या, शेंगाची चटणी कुटली. मग त्याचा फोन आला. “आई, दोन दिवस विमानात बसायचं. तुझे गुडघे टिकायचे नाहीत. पुढच्या वर्षी बघू.” मला खरं वाटलं. तो पहिल्यांदा गेला तेव्हा पोचल्याचा फोन तिसऱ्या दिवशी आला होता. मधे मुंबईत कुणाकडं राहिला असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या भाकरी मी एकटीनं संपवल्या. नातू आता शाळेत जातो.

विहीणबाईंचे गुडघे माझ्याहून वाईट आहेत. माझा जिना चढताना दोनदा थांबल्या.

“आमाला वाटलं तुमीच न्हाय म्हणला,” त्या म्हणाल्या. “जावईबापू सगळ्यांना सांगत्यात, आईला घर सोडवत न्हाय. मी म्हटलं, नातवाचं तोंड बघू वाटंना, कसली वो ही आजी!” आणि हसल्या. त्यांना काय माहीत?

त्या गेल्यावर मी फोन लावला.

“दुबईला किती तास लागतात रं?”

“सासूबाई आल्या होत्या का?”

“मी तास विचारले.”

“आई, इथं दोन खोल्या. साहेबलोक येतात-जातात. तू कुणापुढंही काहीही बोलतेस.”

“लाज वाटती व्हय माजी?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

 बायकोच्या नावावर त्यानं काही ढकललं नाही. म्हणजे ठरवलं होतं ते त्यानंच.

दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला, तिकीट काढतो म्हणाला. मी नको म्हटलं. नातू बघायचा आहे, अजूनही बघायचा आहे. पण येऊ नये म्हणून ज्यानं खोटं सांगितलं, त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही.

तो माझा एकुलता मुलगा. मी त्याची आई, सोलापुरातच असते.