मामांच्या मापाची सायकल

आमच्या हिच्या मामांइतका चुकीच्या मापात आयुष्य काढलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही. उंची सहा फूट चार इंच. मूळचे जळकोटचे, पण नोकरी नांदेडात झाली आणि निवृत्तीनंतरही तिथंच राहिले. झोपले की पाय खाटेबाहेर, शर्ट घातला की मनगटं बाहीबाहेर, ऑटोत बसले की गुडघे हनुवटीला. "जग बुटक्यांनी बांधलंय, जावईबापू. आपण आपलं वाकून चालायचं," असं म्हणून माझ्या पाच फूट चार इंचांकडे जरा संशयानंच बघायचे.

मामी गेल्या आणि मामांनी सायकलचा ध्यास घेतला. मूलबाळ नाही, घरात बोलणारं कुणी नाही. "सायकल असली की माणूस बाहेर पडतो, चार माणसं भेटतात. न्हाई तर मी आन् ह्या भिंती," म्हणायचे. पण सायकल मापाचीच हवी! दुकानदार चाकाचं माप सांगायचा आणि मामा भडकायचे. "अठ्ठावीसची हाय, साहेब." "चाकावर बसायचंय का मला? फ्रेम किती इंची ते सांग!" तो बिचारा सीट वर ओढून दाखवी. "सीट वर गेली की हँडल खाली राहतंय. मी काय रस्त्यावर पडलेलं काही हुडकायलोय?" सायकलच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं की मधे दोन बोटं जागा राहिलीच पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यासाठी अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये पार वरपर्यंत दाबून धरायचं आणि पुस्तकाच्या वरच्या कडेशी भिंतीवर पेन्सिलची खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतच्या मापावरून फ्रेम मागवायची.

इतकं करून दोन सायकली मागवल्या आणि दोन्ही लहान निघाल्या. गुडघे हँडलला लागून लागून सुजले. सायकली शेजाऱ्यापाजाऱ्यांना गेल्या आणि मामा परत खुर्चीत. दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला तो वेगळाच.

दिवाळीत आम्ही दोघं लातूरहून भेटायला गेलो, तेव्हा मामा तिसऱ्यांदा माप घेत होते. पुस्तक धरलं, पेन्सिल घेतली आणि खूण करायला खाली वाकले. वाकल्याबरोबर पुस्तकही खाली आलं. हात्तिच्या! "अहो मामा, वाकल्यावर माप कमीच येणार. खूण दुसऱ्यानं करायची असते."

"दुसरं कोण हाय इथं?" मामा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. "मी आहे की," म्हणत मी त्यांच्या पायाशी बसलो, तर मामा विंचू दिसल्यासारखे मागे सरले. "उठा, उठा! जावयाला पायाशी बसवू? आमच्यात मामा भाचेजावयाच्या पाया पडतो!" दरवर्षी आम्ही जात होतो, पण याच कारणासाठी त्यांनी मला कधी खूण करायला सांगितलं नव्हतं. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांनी माझ्यासाठी पाट मांडला, एवढा मोठा देह वाकवून आधी माझ्या पाया पडले आणि मग भिंतीला ताठ उभे राहिले. माझी खूण त्यांच्या सगळ्या खुणांच्या दोन इंच वर आली. "दोन इंच!" मामा म्हणाले. "दोन इंचासाठी दोन वर्षं घरात बसलो व्हय!"

तिसरी सायकल अगदी मापाची आली. मामा रोज सकाळी नदीपर्यंत जाऊन येऊ लागले. आणि महिन्याभरात फोन सुरू झाले. "जावईबापू, दांडी जरा टोचायली. पुन्हा एकदा मोजावं लागंल." पुढच्या आठवड्यात तेच. मी आपला शहाणा! एकदा ठणकावून सांगितलं, "मामा, माप बरोबर आहे. मी स्वतः घेतलंय."

मामा म्हणाले, "हाव, बरोबरच हाय म्हणा." फोन ठेवला. नंतर तीन आठवडे फोन आला नाही. ही म्हणाली, "मामाला सायकलवरून भेटणारी माणसं रामराम करून पुढं जातात हो. घरी कोण येतं?" माझी मलाच लाज वाटली.

मग मीच फोन लावला. म्हटलं, "मामा, माझीच काहीतरी चूक झालेली दिसते. रविवारी येऊन परत मोजतो."

"हाव, मोजावंच लागंल," मामा घाईघाईनं म्हणाले. "कवा येताव? मुक्कामाला ऱ्हाताव ना?"