गेटवरच्या मोबाइलमधली नोंद

"माझ्याकडे कोण येतं-जातं ते सगळं पुसून टाक! आत्ताच्या आत्ता!" मी वॉचमनवर असा ओरडलो, की मुलुंडची कबुतरं उडून थेट ठाण्याला जाऊन बसली असतील.

सोसायटीने सहा महिन्यांपूर्वी गेटवर नवं ॲप आणलं होतं. पाहुणा आला की वॉचमन त्याचा फोटो काढणार, आपण मोबाइलवर हो म्हणणार, मग तो आत. आणि ती नोंद कायमची कुठल्यातरी कंपनीकडे, हे मला आजच कळलं. बायको गेल्यापासून मी घरात एकटा. पण बिल्डिंगभर सांगत आलो होतो, की माझ्याकडे रोज मैफल बसते, चपलांना जिना पुरत नाही.

"उद्या माझ्या दोस्तांची यादी विकली म्हणजे?" मी गरजलो. शेजारच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन ऐकत थांबल्या.

वॉचमनने माझा फ्लॅट नंबर टाकला, बोटाने स्क्रीन वर-खाली केली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. सहा महिन्यांत एकच फोटो होता. खांद्यावर सिलिंडर घेतलेला गॅसवाला, कॅमेऱ्याकडे बघून हसणारा.

"एवढाच आहे, काका. पुसू?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे."