कुंपणावरच्या बरण्या

डोरीन स्टॅडनिक शाळेची बस चालवायची आणि डूख धरायची. पहिल्या कामाचा तिला पगार मिळायचा, दुसरं ती आवडीने करायची. लग्नात तिच्या पेरोगींना, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्यांना, "पारी जाड झाली गं" म्हणणाऱ्या चुलतनणंदेला तिने पुढे जन्मभर आपल्या हातची पेरोगी खाऊ दिली नाही. नाताळात सगळ्यांच्या ताटात पेरोगी, त्या बाईच्या ताटात नुसता उकडलेला कोबी. आणि तोही हसून वाढलेला.

तिचा नवरा ओरेस्ट अगदी उलट्या स्वभावाचा. महामार्गावरचा बर्फ काढणारं मोठं यंत्र तो चालवायचा. कार्व्हर लँडिंग गावात असा माणूस नव्हता ज्याच्या पाठीवर ओरेस्टने थाप मारली नाही. तरुणपणी तो प्यायचा, बऱ्यापैकी प्यायचा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्याने सोडली ती सोडलीच. ही गोष्ट डोरीनला त्याच्या सगळ्या गुणांहून मोठी वाटायची.

कॅनडाच्या उत्तर टोकाला, युकॉनमध्ये, ऑक्टोबर लागला की जो तो आपला पिकअप हिवाळ्यासाठी तयार करतो. पातळ ऑइल, बॅटरीला गरम ठेवणारी गोधडी, इंजिनच्या हीटरची नवी वायर, जाळीपुढे पुठ्ठा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट. त्यात पाणी जास्त झालं की उणे चाळीसला त्याचा बर्फ होतो. त्या वर्षी ओरेस्टला ओव्हरटाइम होता, म्हणून गाडी त्याने गार्थ लिंडक्विस्टच्या गॅरेजवर टाकली. गार्थ म्हणजे गावाचा लाडका. पोरांना हॉकी शिकवायचा, चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचा. ओरेस्ट आणि तो एकाच संघातून खेळलेले.

"सगळं बदललंय, ओरी," किल्ली देताना गार्थ म्हणाला होता. "आता ध्रुवावर गेलास तरी चालेल."

डिसेंबरात पारा उणे सेहेचाळीसवर गेला. गाडी घरी उभी असायची तेव्हा हीटरच्या वायरीमुळे इंजिन उबदार राहायचं, त्यामुळे काही कळलं नाही. ओरेस्ट भावाकडे निघाला आणि घाट चढून पलीकडे उतरला, तेव्हा वाऱ्याने रेडिएटर गोठला. आत काहीच फिरेना, इंजिन मात्र तापत गेलं. काटा वर चढलेला पाहून तो उतरला, बॉनेट उघडलं, तेवढ्यात पाइप फाटला आणि गरम पाण्याचा फवारा त्याच्या दोन्ही बुटांत शिरला. ओले बूट त्या थंडीत किती वेळ ओले राहतात? खाणीवरचा ट्रक सकाळी तिथून गेला तेव्हा ओरेस्ट झोपण्याच्या पिशवीत, मेणबत्तीशेजारी, जिवंत होता. पाय वाचले नाहीत. घोट्याच्या वरून दोन्ही कापावे लागले.

डोरीन इस्पितळातून परत आली तेव्हा गाडी ओढून अंगणात आणून ठेवलेली होती. तिने रेडिएटरची खालची तोटी सोडली. काही आलं नाही. पक्कडीने चाचपून पाहिलं तर आत बर्फाच्या पातळ चकत्या होत्या, फिक्या हिरव्या, जवळजवळ पांढऱ्या. कूलंट नव्हतंच, जवळजवळ नुसतं पाणी होतं.

गावात तोवर दुसरीच गोष्ट पसरली होती. गार्थ कॅफेत बसून, मान हलवत, अगदी दुःखाने सांगत होता, "मी स्वतः कूलंट बदललं हो. पण ओरी... तुम्हाला ठाऊक आहे त्याचं जुनं. थोडी घेतली असणार. काटा चढलेला बघायला शुद्धीवर असायला लागतं."

हे डोरीनच्या कानावर आलं ते बसच्या थांब्यावर. सांगणारी विल्मा, तीन पोरांची आई, गावातली नर्स. "मी सांगितलं असं म्हणू नकोस," म्हणाली आणि पुढे सहज बोलून गेली, "गार्थ आता सगळ्यांच्या गाड्या फुकट तपासून देतोय. तुमच्यासारखं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून. माझी सोमवारी न्यायचीय."

डोरीनने बसचं दार बंद करायला घेतलेला हात तसाच ठेवला. "फुकट?"

"हो ना."

"तुझी गाडी नेऊ नकोस. मी शनिवारच्या आत येते."

दोन दिवस तिने बसच्या फेऱ्या आणि घरचं जेवण सोडून दुसरं काही केलं नाही. शाळेतल्या पोरांमुळे गावातलं एकूण एक दार तिला माहीत होतं. ऑक्टोबरात गार्थने कूलंट बदललेल्या, पण त्याच्या फुकट तपासणीला अजून न गेलेल्या गाड्या तिने शोधून काढल्या. हातात रबरी पिचकारी आणि जॅमच्या रिकाम्या बरण्या.

"बरणी कशाला गं?" म्हातारा एगर्ट दारातून ओरडला.

"लोणचं घालतेय."

"माझ्या गाडीचं?"

"तुमच्या गाडीचं मुरलेलं असतं, काका. बॉनेट उघडा."

शुक्रवारी संध्याकाळी तिने सगळ्या बरण्या आपल्या कुंपणावर, पोस्टाच्या रस्त्याकडे तोंड करून मांडल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर गाडीवाल्याचं नाव. शेवटी एक बरणी शाळेच्या बसची. बसचं काम गार्थकडे नव्हतं.

शनिवारी सकाळी पारा उणे त्रेचाळीस होता. पोस्टात जाणारी माणसं थांबायला लागली. बसच्या बरणीतलं कूलंट गडद हिरवं होतं आणि हलवलं की डचमळत होतं. बाकीच्या बरण्या पांढऱ्याफटक. दोन तडकल्या होत्या. एगर्टने आपली बरणी उपडी धरली. काही पडलं नाही. विल्माने स्वतःचं नाव वाचलं, तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, "उद्या पोरांना घेऊन मी घाटातून जाणार होते."

गार्थ आला. कुणीतरी जाऊन सांगितलं असणार. त्याने बरण्या पाहिल्या, माणसं पाहिली, आणि गळ्यातला मफलर सैल केला.

"कूलंटचा ड्रमच खराब आला असेल," तो म्हणाला. "कंपनीची चूक. मला काय माहीत? मी तर सगळ्यांना फुकट बदलून देतोय!"

"आणि ओरेस्ट प्यायला होता, ते?" डोरीनने विचारलं.

"डोरीन, तू दुःखात आहेस..."

"मी विचारलं काय?"

तो गाडीत बसून गेला. आणि गाव? अर्ध्या गावाला ड्रमची गोष्ट पटली, कारण पटवून घ्यायची होती. मार्चमध्ये हॉकीचे सामने होते. पिण्याची गोष्ट तर कुणी परत घेतलीच नाही. ती तशीच राहिली, कॅफेतल्या धुरासारखी.

त्या दिवसापासून डोरीन गार्थच्या मागे हात धुऊन लागली. मागची शेड तिने स्वच्छ केली, लाकडाची शेगडी बसवली आणि ओरेस्टला लाकडी पायांसकट खुर्चीत आणून बसवलं. तो सांगायचा, ती करायची. ऑइल कसं सोडायचं, थर्मोस्टॅट कसा बदलायचा, वायर प्लास्टिकची घेतली तर थंडीत कशी काचेसारखी मोडते.

"डोरीन, मला राग नाही गं," तो एकदा म्हणाला. "तू कशाला एवढी पेटलीस?"

"तुला नाही ना? मग तुझ्या वाटचाही मीच करते. पाना दे."

दरवर्षी ऑक्टोबरात तिच्या दारात एक-दोन गाड्या जास्त उभ्या राहायच्या. काम झालं की प्रत्येक गाडीची बरणी कुंपणावर, नावासकट. पोस्टात जाणारा येणारा ती हलवून बघायचा. तिने गार्थबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. काढावा लागलाच नाही. आधी विल्मा आली, मग एगर्ट, मग खाणीवरची माणसं, मग चर्चच्या पाद्र्याची गाडी. ज्या दिवशी हॉकी संघाची व्हॅन तिच्या शेडमध्ये आली, त्या दिवशी तिने मधाचा केक केला आणि ओरेस्टला सांगितलंही नाही की कशाबद्दल. त्याला कळलं. त्याने केक खाल्ला नाही.

गार्थने गॅरेज बंद केलं. बायको आधीच बहिणीकडे केलोनाला निघून गेली होती. एका जानेवारीत, सूर्य टेकडीवर जेमतेम टेकलेला असताना, तो आपला पिकअप घेऊन डोरीनच्या अंगणात आला. गाल बसले होते.

"मी दक्षिणेला चाललोय. कायमचा," तो म्हणाला. "रेड डिअरला. कूलंट बदलायला हवं, पाइपही गेलाय. हत्यारं मी विकून टाकली. गावात आता तुझ्याशिवाय..."

"माझ्याशिवाय कुणी नाही. ठाऊक आहे मला."

"करशील?"

डोरीनने हात पुसले. "कॅफेत आत्ता कोण कोण आहे?"

"नेहमीचेच. का?"

"जा तिकडे. ओरेस्टच्या गाडीत काय घातलं होतंस ते सांग. आणि तो प्यायला नव्हता हे सांग. मग ये. तुझी गाडी आज इथून निघेल, माझा शब्द."

तो रस्ता ओलांडून कॅफेकडे गेला. डोरीन शेडच्या दारातून बघत राहिली. तो परत आला तेव्हा चेहरा लाल झाला होता, थंडीने नव्हे. तो सरळ घरात ओरेस्टपुढे गेला.

"ड्रम आलेच नव्हते, ओरी. वाट कोण बघणार म्हणून पाणी घातलं. आठवड्यात बदलेन म्हटलं. मग राहून गेलं. आणि नंतर... मी घाबरलो."

"माहीत आहे," ओरेस्ट म्हणाला. "गाडीत पडल्या पडल्या मला विचार करायला भरपूर वेळ होता. पिण्याचं बोलायला नको होतंस मात्र."

"नको होतं."

"बस. चहा घे."

"चहा नंतर," डोरीन मागून म्हणाली. "गाडी तयार करायचीय."

गार्थ गाडी शेडकडे वळवायला लागला. तिने हात आडवा केला.

"इथेच. अंगणात."

"डोरीन, उणे एकेचाळीस आहे."

"हत्यारं माझी, कूलंट माझं. काम तू कर. तुला येतं ना? तूच सगळ्यांच्या करायचास."

तो कामाला लागला. पाइप आवळून धरणारी छोटी पकड जाड हातमोज्यांनी बसेना. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने बादलीवर बसून कोटाची कॉलर वर केली. शेवटी त्याने उजव्या हातातला मोजा काढला. लोखंडाला कातडी चिकटली, त्याने ओरडून हात ओढला.

"परत सोड," डोरीन म्हणाली. "वाकडी बसलीय. घाटात सुटेल."

त्याने परत सोडली. परत बसवली. बोटांची टोकं आधी लाल, मग मेणासारखी पांढरी झाली. ओरेस्ट काठ्या टेकत दारात आला.

"डोरीन! पुरे! आत आण त्याला!"

"झालंच आहे."

"त्याने सांगितलं ना सगळं? आणखी काय हवंय तुला?"

"हेच," ती म्हणाली.

कूलंट तिने स्वतः मापून दिलं, थेंबभर पाणी जास्त नाही. गाडी रस्त्यात बंद पडली असती तर तिला तिच्या कामाची लाज वाटली असती. गार्थ चहा न घेता गेला. एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसरा काखेत दाबून.

त्या संध्याकाळी कॅफेतली माणसं एकेक करून ओरेस्टकडे आली. टोप्या हातात. एगर्ट तर रडला. "आम्ही ऐकून घेतलं, ओरी, आम्ही ऐकून घेतलं," असं म्हणत राहिला. ओरेस्टने सगळ्यांना बसवलं, सगळ्यांच्या पाठीवर थाप मारली. डोरीनशी मात्र तो आठवडाभर बोलला नाही. ती त्याचं ताट वाढायची, त्याचे लाकडी पाय रात्री शेगडीजवळ ठेवायची, आणि स्वतः शांत झोपायची. कितीतरी वर्षांत झोपली नव्हती तशी.

वसंतात विल्मा तिच्या बहिणीला भेटून रेड डिअरहून परतली. डोरीनच्या स्वयंपाकघरात बसून इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, मग म्हणाली, "गार्थ दिसला. टायरच्या दुकानात आहे. दोन बोटांची टोकं काढावी लागली त्याची."

ओरेस्टने पेपर खाली केला.

"उजव्या हाताची?" डोरीनने विचारलं.

"उजव्या."

डोरीनने मान डोलावली, आणि विल्माच्या कपात आणखी चहा ओतला.