मोहाच्या सालीवरचं दगडफूल

माझे अब्बा कारंज्यात रंगारी होते. बाजारात विलायती रंगाच्या पुड्या आल्या आणि आमच्या अंगणातली रंगाची हंडी थंड पडली. कोपरापर्यंत लाल असणारे त्यांचे हात वर्षभरात पांढरे झाले. "रंगाऱ्याचे हात पाहा, पीठ मळल्यासारखे!" अशी चेष्टा झाली, तेव्हापासून ते भर उन्हाळ्यातही हात खांद्यावरच्या रुमालाखाली झाकून बसत. त्या चेष्टेखोरांचा मला अजून राग येतो.

एका दुपारी नागपूरच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आमच्याकडे आले. झाडांच्या सालीवर वाढणारी दगडफुलं ते गोळा करत होते. मसाल्यातलं दगडफूल घरोघरी माहीत. पण त्याचे प्रकार असतात हे रंगाऱ्यालाच ठाऊक, म्हणून कुणीतरी त्यांना अब्बांकडे धाडलं होतं. त्यांनी कागदाची पुडी बाजेवर सोडली. अब्बांना तेव्हा धूसर दिसायचं. त्यांनी तुकडे चाचपले, हुंगले आणि एक बाजूला काढला.

"हे अलग ठेवा, साहेब. हे मसाल्याचं नाही, रंगाचं हाय. किन्हीराजाकडच्या रानातल्या मोहाच्या झाडावरून आनलं ना?"

मोहाचं खरंच होतं. तरी प्रोफेसरांनी भिंग लावून तो तुकडा आणि पुडीतला मसाल्याचा एक, असे दोन्ही पाहिले. "बाबा, एकच आहेत हे. वरून करडे, खालून काळे. नजर कमी झाली की असं होतं." ते हसले. मनात वाईट नव्हतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अब्बांचे हात रुमालाखाली गेले.

"रंग कायले नजरेनं ओळखायचा?" ते म्हणाले. "बेटा, राखेचं पानी आन."

आमच्या धंद्यात साल असो की फूल, राखेचं निवळलेलं पाणी टाकल्याशिवाय कुणी त्यावर विश्वास ठेवत नाही. हंडी बंद झाली तरी अब्बा दर जुम्म्याला ते पाणी माझ्याकडून करून घेत आणि मी "आता कायले पाहिजे?" म्हणून कुरकुरत असे. त्या दिवशी मात्र मी धावत गेले.

पाणी आणून मी नखानं दोन्ही तुकड्यांची वरची करडी साल खरवडून आतला पांढरा गाभा उघडा केला. दोन्हींवर एकेक थेंब टाकला. मसाल्याचं पिवळं झालं. अब्बांचंही पिवळंच झालं. माझा जीव टांगणीला लागला.

"थांब जराशी," अब्बा म्हणाले.

मसाल्याचं पिवळंच राहिलं. अब्बांच्या तुकड्याची कड तांबूस झाली, मग सगळा थेंब लालभडक.

"अब्बा, लाल होऊन राह्यलं!" मी ओरडलेच. त्यांनी डाव्या हाताचं बोट त्या ओल्या लालीवर ठेवलं.

प्रोफेसर भिंग ठेवून उठले. "हे मला वऱ्हाडात पहिल्यांदाच मिळालं, आणि मी ते मसाल्याच्या दगडफुलांत टाकलं होतं. चुकलो, बाबा." त्यांनी वेगळी पुडी बांधून तिच्यावर लिहिलं, "ओळख पटवणारे: कारंज्याचे रंगारी." मला वाचता येत होतं. मी ते अब्बांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा इतक्या मोठ्यानं, की गल्लीतल्यांनीही ऐकावं. माझे अब्बा शहाणे होते, आणि ते आता कागदावर होतं.

संध्याकाळी जेवायच्या आधी मी त्यांच्या हातांवर पाणी घालत होते. लाल झालेलं ते बोट त्यांनी पाण्याबाहेर धरलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात जाताना त्यांनी रुमाल खुंटीवरच ठेवला.