भर उन्हात बंद पडलेलं सोलर

आमचे हे, म्हणजे नीळकंठराव, जन्मभर भोपाळच्या कारखान्यात स्विचगियर विभागात, म्हणजे विजेचे मोठमोठे स्विच बनवायच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर कारखान्याच्या टाउनशिपला लागून घर बांधलं, छतावर सोलर बसवलं आणि गावभर सांगत सुटले, "आता कॉलनीची लाइट जाऊ दे, आमच्याकडे पंखे फिरणारच!"

मग काय, महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी हौसेने अख्खी गल्ली बोलावली. नागपूरचं घराणं आमचं. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कशाला कमी नाही. पहिली पंगत बसली आणि लाइट गेली. पंखेही थांबले! बाहेर टळटळीत ऊन, आणि सोलर ठप्प.

"अहो, सूर्य तर आहे ना डोक्यावर?" पंगतीतल्या नलिनीबाई मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे डोकं खाजवत उभे. "बाहेरची लाइन गेली की हे यंत्र आपणहून बंद होतं. नाहीतर आपली वीज उलटी तारेत चढते. आयुष्यभर हेच तर शिकवलं मी लोकांना!"

"आणि घरी विसरलात!" मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारचे विनायक भाऊजी जनरेटर घेऊन आले. "ह्याची वायर व्हरांड्यातल्या सॉकेटमध्ये खुपसली, की सगळं घर चालू," म्हणाले.

"आधी मेन स्विच पाडा," हे ओरडले. मेन कुठला पडतोय! गंजून अडकलेला. तोही स्विचगियरवाल्याच्या घरी! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

"राहू दे तो मेन, लावा वायर," मी चिडले. "बायका घामाने निथळतायत."

हे सॉकेटला पाठ लावून उभे राहिले. "कोपऱ्यावरच्या खांबावर गोविंद लाइनमन चढलाय, सुचेता. इथली वीज थेट त्याच्या हातात जाईल."

भाऊजींनी वायर गुंडाळली. ह्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि साऱ्या पंगतीला वारा घालत फिरले. नलिनीबाईंची हसून हसून पुरेवाट. "हे सोलर बरं चालतं हो, नीळकंठराव!" म्हणत त्यांनी दोन पोळ्या जास्त घेतल्या.

लाइट आली. ह्यांनी गोविंदला हाक मारून पाटावर बसवलं. मी पोळी वाढायला वाकले, तर त्याच्या तळव्यांवर तारेचे काळे वळ.

"हातमोजे नाही का घालत रे?"

"फट गए, भाभी. नए आने वाले हैं."

मघाशी 'लावा वायर' म्हणणारी मीच होते. मी तुपाची धार धरली. "बस भाभी, बस," तो म्हणत होता. ऐकू येत होतं मला, पण हात थांबेना.