नोएलीनचा एकुलता एक एपिसोड

देवव्रत आगाशेला चुका शोधाव्या लागत नसत. त्याच आपण होऊन त्याच्या नजरेत भरायच्या. पुण्याहून तो न्यूझीलंडला आला आणि इथे टिकला तो याच गुणावर. भूकंपाच्या देशात जुन्या इमारती तपासून कुठल्या भिंतीला तडा गेलाय, कुठला खांब दगा देईल, हे सांगणाऱ्या इंजिनिअरला काम कमी पडत नाही. पण हा गुण ऑफिसातच थांबत नसे. मंडळाच्या गणपतीत नाटक झालं की लोक चहाचे कप घेऊन त्याच्याभोवती जमायचे आणि तो एका वाक्यात नाटकाची अशी वासलात लावायचा, की ज्याची लागली तोही हसायचा. निदान हसल्यासारखं करायचा.

"अरे, दोन महिने तालमी केल्या होत्या त्यांनी," घरी परतताना सुचित्रा, त्याची बायको, म्हणायची.

"मग त्या दिसायला नकोत?" देवव्रत म्हणायचा.

त्यांचं घर पोरिरुआला, समुद्राच्या बाजूच्या टेकडीवर. वारा असा, की वाळत घातलेले कपडे दोरीवर आडवे होत. शेजारी नोएलीन राहायची. ऐंशी ओलांडलेली, ताठ कण्याची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आगाशे मंडळी राहायला आली त्या पहिल्याच आठवड्यात ती कुंपणावरून "किआ ओरा" असा माओरी नमस्कार करून फिजोआंची पिशवी देऊन गेली होती. ते हिरवं, आंबटगोड फळ कसं खायचं हेही तिनेच शिकवलं. त्यांच्या मुलीला, इशिताला, पोहायला तिनेच शिकवलं. पोरीचे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, कायम नोएलीनच्याच दोरीवर वाळत असायचे. इशिता तिला नॅना म्हणायची. तरुणपणी नोएलीन काही वर्षं अमेरिकेत होती, एवढं त्यांना माहीत होतं. "इकडचंतिकडचं काम केलं आणि परत आले," असं ती म्हणायची. इकडचंतिकडचं म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही. देवव्रतनेही नाही.

एका हिवाळ्यात देवव्रतची पाठ धरली. मणक्याची चकती सरकलेली, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. सोफ्यावर पडून तो कावून गेला. नोएलीन भोपळ्याचं सूप घेऊन आली आणि म्हणाली, "दुपारी टीव्हीवर एक जुनी काउबॉयची मालिका पुन्हा दाखवतायत. ‘सॉल्ट क्रीक’. बघ, तुझा वेळ जाईल."

त्याने बघायला सुरुवात केली. कृष्णधवल चित्र, धूळ, घोडे, शेरीफ. त्याला मजा वाटू लागली. मग इंटरनेटवर एक पान सापडलं. तिथे जगभरातले प्रेक्षक त्या मालिकेच्या एकेका एपिसोडवर आपली मतं लिहीत. टेक्ससचा एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर, मँचेस्टरची एक बाई, कुणी ब्राझीलचा. बंदूक त्या काळातली नव्हती, घोडा तोच पुन्हा वापरलाय, असल्या गोष्टींवर तावातावाने वाद चालत. देवव्रतला आयतं मैदान मिळालं. टोपणनाव घेऊन त्यानेही लिहायला सुरुवात केली, आणि त्याची मतं लोकांना भलतीच आवडू लागली.

एका एपिसोडमध्ये दुष्काळात विहिरीवरून भांडण होतं आणि एका शेतकऱ्याला गोळी लागते. त्याची बहीण धावत येते, प्रेतापाशी थांबते. कॅमेरा बराच वेळ तिच्या चेहऱ्यावर. नोरा लेन नावाची कुणी नटी होती. ती पुन्हा कुठल्याच भागात दिसली नाही. देवव्रतने लिहिलं, "भाऊ मेलाय म्हणून ही बाई दुःखी दिसत नाही. निघताना स्टोव्ह बंद केला होता का, हे आठवतेय असं वाटतं."

पानावर हशा पिकला. त्या वाक्याचा पुढे वाक्प्रचारच झाला. कुठल्याही एपिसोडमध्ये कुणी निर्विकार उभं राहिलं की कुणीतरी लिहायचं, "स्टोव्ह!"

पाठ जरा बरी झाल्यावर देवव्रत अंगणात येऊ लागला तेव्हा कुंपणापलीकडून नोएलीनने विचारलं होतं, "बघतोयस ना ती मालिका? काही चांगलं सापडलं?"

"हसण्याइतपत चांगली आहे," तो म्हणाला.

"हो का," म्हणून ती गुलाब छाटू लागली.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये नोएलीनचा पंचाऐंशीवा वाढदिवस यायचा होता. त्याच्या आधीच्या एका शनिवारी इशिता तिच्याकडून धावतच आली. "बाबा! नॅना वॉज अॅन अॅक्ट्रेस! लाइक, इन हॉलिवूड!"

पोरगी पंधरा वर्षांची. मराठी सगळं समजायचं, पण तोंडातून इंग्रजीच निघायचं. तिने एका दमात सगळं सांगितलं. नोएलीनच्या बागकाम क्लबातल्या बायकांना कुठूनसं कळलं होतं, आणि वाढदिवसाला हॉलमध्ये तिचा तो एपिसोड मोठ्या पडद्यावर दाखवायचं ठरलं होतं. आयुष्यात एकच एपिसोड केला होता तिने, दुसऱ्या नावाने. नोएलीन आधी नको म्हणाली, मग लाजत हो म्हणाली.

"कुठली मालिका?" सुचित्राने विचारलं.

"सॉल्ट क्रीक," इशिता म्हणाली.

देवव्रत पोळी मोडत होता, तो थांबला.

आठवडाभराने इशिता पुन्हा नोएलीनकडून आली ती डोळे लाल करून. जेवायला बसली, पण ताटाला हात लावेना. सुचित्राने खोदून विचारलं तेव्हा बोलली. नॅनाला टॅबलेटवर शोधाशोध करायची होती, तो एपिसोड कुणाला आठवतो का बघायला. बारीक अक्षर तिला दिसेना, म्हणून इशिताच मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता तिला जाणवलं की आपण काय वाचतोय, पण तोवर उशीर झाला होता. नॅना म्हणाली, पुढचं वाच. सगळं वाचून झाल्यावर तिने क्लबला फोन केला आणि कार्यक्रम रद्द करायला सांगितला.

"सम गाय सेड शी लुक्ड लाइक शी लेफ्ट द स्टोव्ह ऑन. अँड एव्हरीबडी लाफ्ड. हू डझ दॅट, बाबा?"

देवव्रतने तिच्याकडे पाहिलं. मग ताटाकडे.

"मी," तो म्हणाला. "ते मी लिहिलंय."

इशिता उठली. ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं आणि खोलीत गेली. सुचित्रा उठून तिच्या मागे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो एपिसोड पुन्हा लावला. विहीर, धूळ, धावत येणारी बहीण. ती प्रेतापाशी थांबते. या वेळी त्याने तिचे हात पाहिले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली होती. हनुवटी वर. ती पडू नये म्हणून उभी होती. त्याने आपलं मत पानावरून काढून टाकलं आणि दुसरं लिहिलं, नीट, विचार करून. थोड्याच वेळात खाली कुणीतरी लिहिलं, "आणि स्टोव्हचं काय झालं?"

दुपारी तो नोएलीनच्या मागच्या दाराने गेला. ती स्वयंपाकघरात फिजोआ कापून गर काढत होती. त्याला पाहून तिने खुर्ची दाखवली आणि किटली लावली.

"इशिताने सांगितलं असेल," ती म्हणाली. "पोरीला उगीच वाईट वाटलं. तिची काय चूक."

"नोएलीन, मला काही..."

"त्या दिवशीचं सांगू तुला?" ती आपल्याच तंद्रीत होती. "डिरेक्टर म्हणाला, रड. मी म्हटलं, ही बाई रडणार नाही. आम्ही तारानाकीचे, गाईगुरांतले. माझा भाऊ ट्रॅक्टरखाली गेला तेव्हा माझी आई दारात तशीच उभी होती. मग दूध काढायची वेळ झाली, तर आत जाऊन गमबूट घालून आली. मी तिच्यासारखी उभी राहिले. दुपारपर्यंत वाद घातला त्याच्याशी, पोरसवदा मी. शेवटी कंटाळून त्याने तसंच घेतलं. त्यानंतर कुणी बोलावलं नाही मला." तिने चमचा पुसला. "मला वाटायचं, डिरेक्टरला नाही कळलं, पण बघणाऱ्यांना कळलं असेल. इतकी वर्षं मी तेवढंच धरून होते."

"ते स्टोव्हचं वाक्य," देवव्रत म्हणाला, "माझं आहे."

नोएलीनने त्याच्याकडे पाहिलं. किटली उकळून आपोआप बंद झाली.

"तुझं?"

"हो. मला माहीत नव्हतं की..."

"नव्हतंच माहीत. मी सांगितलंच नव्हतं." ती सावकाश बोलत होती, हिशेब लावल्यासारखी. "मीच म्हटलं होतं तुला, बघ म्हणून. मी न सांगता तू बघावंस असं वाटत होतं मला. म्हटलं, हा हुशार माणूस आहे. भिंतीतलं न दिसणारं याला दिसतं. याला कळेल."

"आज पुन्हा बघितला मी," तो घाईघाईने म्हणाला. "कळलं मला. ते हात, ती हनुवटी. खरंच सांगतो, नोएलीन, फार सुंदर आहे ते."

ती हसली. त्यात राग नव्हता.

"आता तुला माहीत आहे ना, ती मी आहे ते," ती म्हणाली.

तिने चहा ओतला, बिस्किटं पुढे केली, पाठ कशी आहे विचारलं. तो चहा पिऊन घरी आला.

वाढदिवसाला हॉल घेतलाच नाही. घरीच केक कापला, आगाशेही गेले, गाणं म्हटलं, फोटो काढले. वरवर काही बदललं नाही. फक्त फिजोआंची पिशवी आता कुंपणावरून हातात येत नसे; सकाळी दार उघडलं की पायरीवर ठेवलेली असे. इशिता पहिल्यासारखीच तिच्याकडे जायची. बापाशी मात्र ती बेतानं बोलू लागली. शाळेच्या नाटकात तिला काम मिळालं होतं हे देवव्रतला प्रयोग होऊन गेल्यावर, सुचित्राकडून कळलं.

"मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

इशिता खांदे उडवून म्हणाली, "इट्स ओके, बाबा. इट वॉजन्ट दॅट गुड."

सप्टेंबरात, इथला वसंत सुरू होताच, नोएलीनने घर विकायला काढलं आणि नेल्सनला भाचीकडे राहायला गेली. आता वारा सोसत नाही, असं कारण सांगितलं. सामान भरायला देवव्रतने दोन दिवस मदत केली. खोकी उचलताना पाठीचीही पर्वा केली नाही. निघताना तिने त्याच्या गालावर थोपटलं, आणि इशिताला बराच वेळ जवळ धरून ठेवलं.

महिन्यातून एकदा तो तिला फोन करतो. ती टोमॅटो कसे आलेत ते सांगते, नेल्सनच्या उन्हाचं कौतुक करते. तो इथल्या वाऱ्याच्या तक्रारी करतो. त्या एपिसोडचा विषय ती कधी काढत नाही. त्याला खूपदा वाटतं, तिच्या त्या भावाबद्दल विचारावं, आईबद्दल विचारावं. पण आता तो हक्क आपल्याला राहिलेला नाही, असं मनात येतं, आणि तो तब्येतीला जप म्हणून फोन ठेवतो.