तेलावर पारखलेले बूट

माझ्या मुलीच्या एका पायात बूट होता. दुसरा पाय उघडा, आणि तो दरीवर लोंबकळत होता. ती पोटाने खडकाला चिकटून पडली होती. खांद्याला लशीची पेटी, तिचं वजन तिला मागे ओढत होतं. मी थोडी मागे होते. मला फक्त त्या बुटाचा तळ दिसत होता, शेवाळावर टेकलेला. तो सुटला की मुलगी गेली, एवढंच कळत होतं.  

ते बूट मीच तिला दिले होते. ती नर्स झाली आणि डोंगरातल्या पाड्यांवर फिरायची नोकरी लागली, तेव्हा. भिवंडीत माझी सगळी उमर कारखान्यात कांड्या भरण्यात गेली. लूमच्या धोट्यात बसते त्या कांडीवर सूत गुंडाळायचं, हे काम. तिथली फरशी कायम तेलकट. नवी चप्पल आणली की आम्ही बायका आधी तेलावर पाय देऊन बघायचो.

म्हणून बूट घ्यायला जाताना लूमच्या तेलाचं फडकं पिशवीत टाकलं. दुकानात ते फरशीवर फिरवलं आणि एकेक बूट घालून त्यावर उभी राहिले. मुलीचं आणि माझं माप एकच.

दुकानदार म्हणाला, "अम्मा, जूता लेना है या मेरी दुकान में लूम बिठाना है?"

नवऱ्याला लाज वाटली. "जावई बघताना तरी एवढी पारख करशील का?"

"जावई घसरला तर दुसरा बघता येतो," मी म्हणाले.

चामड्याचे देखणे बूट आमच्या ऐपतीबाहेरचे होते, आणि तेलावर सरळ सरकले. खाकी कापडाचे, जाड रबरी तळाचे जागचे हलले नाहीत. तेच घेतले. मुलीने नाक मुरडलं. "आई, हे हवालदाराचे वाटतात."

पहिल्या फेरीला सोबत म्हणून मी गेले. पाऊस ओसरला होता, पण खडक ओला होता. वाट दाखवायला पाड्यावरची एक बाई पुढे होती. एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी, आणि वळणावर शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड. तिथे बाई थांबली.

"ताय, पायतान काड. वाघोबाची हद हाय. बूट घालून गेलीस तं कोन पोर टोचू द्येनार न्हाय."

आम्ही देव मानणारे नाही. पण पोरांना लस द्यायची होती. मुलीने उभ्या उभ्याच एक बूट काढला, उघडा पाय टेकला, आणि तो पाय दरीकडे घसरला. हातातला बूट दरीत गेला. आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

बाई आडवी पडली आणि तिने पेटीचा पट्टा धरला. मुलीचा हात बुटाच्या नाडीकडे गेल्यासारखा वाटला तशी बाई किंचाळली, "त्यो काडू नुको! वाघोबाला मी सांगन!"

मुलीने बुटाचा पाय दाबला. तळ जरासा सरकला.  मग तो थांबला. तिने पुन्हा दाबला, बाईने ओढलं, आणि मी सरपटत पुढे जाऊन मुलीचं मनगट पकडलं.

दोघींनी मिळून तिला वाटेवर ओढून घेतलं. मुलगी एका बुटावर पाड्यात गेली. बाईने सगळ्यांना काय सांगितलं माहीत नाही, पण पोरं टोचून झाली. मी एका ओट्यावर बसून होते. परतीची वाट तीच होती. त्या वळणावरून मी बसून सरकत आले, डोळे मुलीच्या त्या एका बुटावर ठेवून.

मुलगी वाचली. ती बाई वाचली. मीही वाचले.